नोंद आढळली नाही, म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कारखान्यातील स्फोटाची, लिफ्ट कोसळल्याची किंवा मोठा वीजपुरवठा खंडित झाल्याची बातमी आली, की तिच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा एक वाक्य असते : ‘यंत्रणेच्या नोंदींत काहीही आक्षेपार्ह आढळले नाही.’ वाचक ते वाक्य वाचून पान उलटतो आणि यंत्रात काही बिघाड नव्हता, म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच असणार, असा समज करून घेतो. गेली अठरा वर्षे मी यंत्रांवरील सिग्नलांची तत्क्षणी नोंद घेणाऱ्या प्रणाली बसवण्याचे आणि त्यांच्या सॉफ्टवेअरची जुळणी करण्याचे काम करतो. त्या कामाच्या आधारे मला एवढेच म्हणायचे आहे, की नोंद कोणत्या वेगाने व्हावी, ती कोणत्या क्षणी सुरू व्हावी आणि कधी थांबावी हे आधी कोणी व कसे ठरवले होते ते कळल्याखेरीज या वाक्याला काहीही अर्थ नाही. तरीही हा प्रश्न बातमीत तर नाहीच, पण पुष्कळदा चौकशीच्या कागदांतही विचारलेला दिसत नाही.

नोंद करणारे यंत्र म्हणजे सदैव उघडा असलेला डोळा, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दाब, तापमान, कंपन, विद्युतप्रवाह यांपैकी जे मोजायचे असेल त्याचे सेन्सर एका लहानशा विद्युत सिग्नलात रूपांतर करतो, तो सिग्नल ठरावीक अंतराने तपासून त्याचा आकडा केला जातो आणि तो आकडा साठवला जातो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काय घडले, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते अंतर कमी करावे तर आकड्यांचा डोंगर उभा राहतो. सोळा चॅनल (म्हणजे सोळा वेगवेगळे सिग्नल), प्रत्येकी सेकंदाला १०,००० वाचने आणि प्रत्येक वाचनाला ८ बाइट असा अगदी सामान्य हिशेब धरला, तरी सेकंदाला १२ लाख ८० हजार बाइट, तासाला सुमारे ४.६ गिगाबाइट आणि दिवसाला ११० गिगाबाइटच्या वर माहिती जमते. तीतील बहुतेक सगळी ‘यंत्र नीट चालले आहे’ एवढेच सांगणारी असते. म्हणून सॉफ्टवेअरला एक अट घालून दिली जाते : अमुक घडले की नोंद ठेव, एरवी सोडून दे. या अटीला आम्ही ट्रिगर म्हणतो. बंदुकीच्या चापाचेच नाव तिला मिळाले आहे आणि चुकीच्या वेळी सुटण्याची किंवा वेळेवर न सुटण्याची खोडही तिच्यात तशीच आहे.

हा ट्रिगर वरवर पाहता फार सोपा वाटतो. दाब १८० बारच्या वर गेला की नोंद सुरू, एवढेच तर लिहायचे असते. पण ‘वर गेला’ या दोन शब्दांचे सॉफ्टवेअरच्या लेखी दोन अर्थ होतात. ‘वर आहे’ हा पहिला, आणि ‘खालून वर जाताना ती रेषा ओलांडली’ हा दुसरा. पहिल्या अर्थाच्या ट्रिगरला आम्ही लेव्हल ट्रिगर म्हणतो, दुसऱ्याला एज ट्रिगर. यंत्र आधीच २०० बारवर चालू असताना कोणी सॉफ्टवेअर सुरू केले, तर लेव्हल ट्रिगर तत्क्षणी सुटतो आणि निरर्थक फाइल तयार होते. उलट एज ट्रिगर मुळीच सुटत नाही, कारण रेषा ओलांडण्याची घटना सॉफ्टवेअर सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. पडद्यावर मात्र ‘ट्रिगरची प्रतीक्षा’ असा शांत संदेश झळकत राहतो आणि तो पाहून सर्वांना वाटते, की पहारा चोख आहे. अशी रात्रभर प्रतीक्षा करून सकाळी कोरी राहिलेली यंत्रे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहेत.

माझा स्वतःचा एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण त्यात माझीही चूक होती. एक हायड्रॉलिक प्रेस आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि तेही रात्रपाळीतच, अचानक थांबत असे. नियंत्रण-पडद्यावर ‘दाब कमी’ एवढाच इशारा येई. प्रेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकातील लॉगमध्ये, नियंत्रण-पुरवठ्याचे व्होल्टेज दर सेकंदाला एकदा नोंदलेले होते आणि ते सर्वत्र २४.० होते. म्हणजे ‘काहीही आक्षेपार्ह आढळले नाही’ हे वाक्य तिथे अक्षरशः लागू होते. मी वेगळी नोंद-प्रणाली जोडली आणि दाब १२० बारच्या खाली उतरताच पुढची ३० सेकंदे नोंद व्हावी असा ट्रिगर लावला. आठवडाभरात तीन फाइली हाती आल्या. तिन्हींत एकच चित्र होते : दाबाची रेषा खाली घसरते, शून्याला टेकते आणि उरलेली २९ सेकंदे आडवी पडून राहते. बैल गेला अन् झोपा केला, असा तो प्रकार होता. तिसऱ्या फाइलीच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञाने शांतपणे विचारले, “साहेब, दाब पडल्यावर काय झालं ते दिसतंय, पडायच्या आधी काय झालं ते कुठंय?”

त्या प्रश्नानंतर मी सेटिंग बदलले. ट्रिगर तोच ठेवला, पण नोंदीत त्याच्या आधीची २० सेकंदे आणि नंतरची केवळ ५ सेकंदे यावीत असे केले, वेग सेकंदाला ५,००० वाचने केला आणि दाबाबरोबर चोवीस व्होल्टचा पुरवठा, झडपेच्या कॉइलचा प्रवाह व सुरक्षा-रिलेची (विजेने चालणाऱ्या सुरक्षा-स्विचची) स्थिती हे तीन सिग्नल जोडले. पुढच्याच खेपेला कारण समोर आले. दाब घसरण्याच्या थोडे आधी पुरवठ्याचे व्होल्टेज २४ वरून ९ पर्यंत खाली आले होते, तेही केवळ ३० मिलिसेकंद. तेवढ्यात सुरक्षा-रिले सुटला, आणि तो एकदा सुटला की आपोआप परत चिकटत नाही, म्हणून झडप बंद झाली व दाब गेला. पॅनेलच्या दरवाजाजवळच्या एका जोडपट्टीवरील स्क्रू सैल झाला होता. शेजारचे अवजड यंत्र रात्री सुरू झाले की त्याच्या हादऱ्याने तार क्षणभर सुटत असे. एका पेचकसाचे काम होते. सेकंदाला एकदा पाहणाऱ्या लॉगला ३० मिलिसेकंदांची ही घसरण दिसण्याची शक्यता शंभरात तीन होती. तो लॉग खोटे बोलत नव्हता. त्याला तेवढेच पाहायला सांगितले होते.

ट्रिगरच्या आधीचा काळ नोंदीत कसा येतो, याचे सामान्य वाचकाला आश्चर्य वाटेल. त्यात भविष्यज्ञान काही नाही. सॉफ्टवेअर सतत मोजतच असते, पण मोजलेले आकडे स्मृतीच्या एका ठरावीक जागेत रहाटगाडग्याप्रमाणे फिरवत ठेवते : शेवटचे गाडगे भरले की पहिले रिकामे करून त्यातच नवे पाणी. ट्रिगर सुटला की हे फिरणे थांबवून तोवरचे सगळे पाणी जपून ठेवले जाते आणि पुढचे त्याला जोडले जाते. माझ्या वरील उदाहरणात चार चॅनलांच्या वीस सेकंदांसाठी लागणारी जागा फक्त ३२ लाख बाइट होती; एखाद्या छायाचित्राला लागते तेवढी. म्हणजे ही सोय जवळजवळ फुकट असते, आणि तरीही पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या काळाचा आकडा मुळात शून्यावर असतो व शून्यावरच राहतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा लागतो : प्रणाली सुरू केल्यापासून तीनच सेकंदांत ट्रिगर सुटला, तर आधीची वीस सेकंदे कुठून येणार? काही सॉफ्टवेअर अशा वेळी तीन सेकंदांचीच फाइल देतात, तर काही हे रहाटगाडगे पूर्ण भरेपर्यंत ट्रिगरकडे लक्षच देत नाहीत. आपले सॉफ्टवेअर यांतले काय करते, हे घटना घडण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

इतर क्षेत्रांनी हा धडा आपापल्या परीने घेतला आहे. भूकंपाची त्वरणे फिल्मवर नोंदणारी जुनी उपकरणे जमीन हलू लागल्यावर जागी होत, त्यामुळे हादऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हाती लागतच नसे; अंकीय स्मृती आल्यावर घटनेच्या आधीची काही सेकंदे राखणे शक्य झाले. अधूनमधून बेशुद्ध पडणाऱ्या रुग्णाच्या छातीत त्वचेखाली बसवायचे जे लहान हृदयलेखक असतात, ते याच तत्त्वावर चालतात. रुग्ण शुद्धीवर आल्यावर कळ दाबतो आणि आधीच्या काही मिनिटांचा आलेख जतन होतो. शुद्ध हरपताना कोणी कळ दाबू शकत नाही, हे ते उपकरण घडवणाऱ्याने ओळखले होते. मोटारींतील अपघात-नोंदकाबाबत अमेरिकेच्या नियमाने आघातापूर्वीची ५ सेकंदे, सेकंदाला दोन वाचने या हिशेबाने राखणे ठरवले होते. डिसेंबर २०२४मध्ये ते वाढवून २० सेकंदे आणि सेकंदाला दहा वाचने करण्यात आले. पाच सेकंदांत चालकाने ब्रेक दाबला की नाही ते कळते, पण तो मुळात त्या परिस्थितीत कसा आला ते कळत नाही, हे त्या बदलामागचे साधे कारण आहे.

नोंद सुरू करण्याइतकीच ती थांबवण्याची अटही महत्त्वाची असते, आणि तिच्याकडे तर त्याहून कमी लक्ष दिले जाते. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ क्रमांकाच्या उड्डाणात बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या बाजूची, न वापरलेल्या दरवाजाच्या जागी झाकणासारखी बसवलेली फळी हवेत असतानाच उखडून गेली. विमान सुखरूप उतरले. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रक व्यवस्थित चालू होता. किंबहुना तो फारच व्यवस्थित चालू होता. त्याची क्षमता दोन तासांची, मुद्रण गोल फिरणारे, आणि विमान उतरल्यावर त्याचा सर्किट ब्रेकर कोणी वेळेत ओढला नाही. त्यामुळे घटनेच्या वेळचे सगळे संभाषण नंतरच्या निरुपयोगी आवाजांनी पुसले गेले आणि तपास करणाऱ्या यंत्रणेच्या हाती त्यातले काहीही लागले नाही. मुद्रकात बिघाड नव्हता, तार तुटली नव्हती, सेन्सर निकामी नव्हता. फक्त ‘आता थांब’ हे सांगण्याचे काम गडबडीतल्या माणसांवर सोपवलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाची मुदत २५ तासांवर नेण्याचे ठरवले, हा उपाय योग्यच आहे. तरी माझ्यासारख्याला राहून राहून वाटते, की विमानाच्या आतला दाब एकाएकी पडल्याचे विमानाला कळत होते. त्याच सिग्नलने मुद्रणाची एक प्रत बाजूला काढून कुलूपबंद करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

ट्रिगर न सुटण्याचा दोष मोठा, तसा तो वारंवार सुटण्याचा दोषही लहान नाही. कोणताही खरा सिग्नल सरळ रेषेत नसतो, त्यावर बारीक थरथर असते. तापमान ८० अंशांची मर्यादा हळूहळू ओलांडत असताना अर्ध्या अंशाच्या थरथरीमुळे ती रेषा मिनिटभरात चाळीसदा ओलांडली जाऊ शकते आणि एका घटनेच्या चाळीस फाइली होतात. यावर तोडगा जुना आहे : ८० वर सुटावे, पण ७८ च्या खाली येईपर्यंत पुन्हा सज्ज होऊ नये. या दोन अंशांच्या फटीला हिस्टेरेसिस म्हणतात. त्याशिवाय एकदा सुटल्यावर ठरावीक काळ ट्रिगरने कान बंद ठेवावेत, अशीही सोय असते. एवढे केले नाही, तर पहिल्या आठवड्यात हजारो फाइली साचतात, दुसऱ्या आठवड्यात कोणी त्या उघडून पाहत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात डिस्क भरल्याचा इशारा नको म्हणून पाळीवरचा कर्मचारी नोंदच बंद करतो. मग खरा बिघाड होतो. चौकशीत त्या कर्मचाऱ्यावर ठपका येतो. ज्याने हिस्टेरेसिस शून्य ठेवून दिला, त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

ठरावीक मर्यादेचा ट्रिगर जिथे चालतच नाही, तिथे तुलना कामी येते. भूकंपशास्त्रात गेल्या काही दशकांपासून रूढ असलेली एक पद्धत मला फार आवडते : अलीकडच्या सेकंदभराची सरासरी हालचाल घ्यायची, तिला आधीच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीने भागायचे आणि हा भागाकार समजा चारच्या वर गेला, तरच घटना मानायची. दिवसा वाहनांचा खडखडाट असो की रात्रीची शांतता, मर्यादा आपोआप परिस्थितीशी जुळते. कंपन मोजणाऱ्या कोणत्याही यंत्रावर ही पद्धत वापरता येते आणि त्यासाठी वेगळे महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

वेगाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण येथील चूक नंतर दुरुस्त होत नाही. गणितज्ञ व अभियंते क्लॉड शॅनन यांनी १९४९च्या निबंधात सिद्ध करून मांडलेला आणि अभियंते हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८च्या कामाशी नाते सांगणारा नियम असा, की सिग्नलात जी सर्वांत जलद आंदोलने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेगाने वाचन घेतले पाहिजे. हा नियम मोडला तर आंदोलने नुसती हरवत नाहीत, ती वेष पालटून येतात. सेकंदाला ९०० आंदोलने होत असलेले कंपन सेकंदाला १,००० वाचने घेऊन नोंदले, तर आलेखात ते १०० आंदोलनांचे दिसते. चित्रपटात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा भ्रम. अभियंता मग त्या नसलेल्या १०० आंदोलनांचे उगमस्थान शोधत यंत्र उलगडत बसतो. हा भ्रम टाळणारी गाळणी सिग्नलाचा आकडा होण्यापूर्वी, म्हणजे तारेवरच लावावी लागते. एकदा आकडे झाले की खरे कोणते आणि वेषांतर केलेले कोणते हे सांगायला जगातील कोणतेही सॉफ्टवेअर असमर्थ आहे. तीच गोष्ट जागा वाचवण्यासाठी ‘दर दहातले एकच वाचन ठेव’ असे सांगण्याची. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक निरुपद्रवी दिसणारी चौकट असते, तीत १० लिहिले की फाइल दहापट लहान होते. पण आधी गाळणी न लावता अशी वाचने वगळणे वरच्याच भ्रमाला निमंत्रण देते, आणि चार मिलिसेकंदांचा धक्का दहा मिलिसेकंदांच्या फटींतून दहापैकी सहा वेळा सुटून जातो.

आता साठवणूक स्वस्त झाली आहे, तेव्हा ट्रिगर वगैरे भानगडीत न पडता सगळेच नोंदवून का ठेवू नये, असे तरुण सहकारी विचारतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. टाकीतील पातळी, खोलीचे तापमान असे संथ सिग्नल सेकंदाला एकदा नोंदले, तर एका चॅनलाची वर्षभराची माहिती सुमारे २५ कोटी बाइटांत मावते. तिथे ट्रिगर लावणे हाच उद्धटपणा आहे. जलद सिग्नलांचे मात्र तसे नाही. तिथे अडचण डिस्कच्या आकाराची असण्यापेक्षा तिच्यावर लिहिण्याच्या वेळेची असते. डिस्क मधूनच क्षणभर रेंगाळते, मोजणी तर तिच्यासाठी थांबू शकत नाही, आणि मधले बफर, म्हणजे वाचने तात्पुरती ठेवण्याची जागा, पुरेसे मोठे नसेल तर वाचने गळून पडतात. चांगले सॉफ्टवेअर गळती झाल्याचे फाइलीत नमूद करते, वाईट सॉफ्टवेअर दोन टोके मुकाट्याने जोडून टाकते. शिवाय ‘सगळे’ म्हणजे तरी किती? सेकंदाला हजार की लाख, हा निवाडा करावाच लागतो. म्हणून मी स्वतः दोन्ही ठेवतो : संथ वेगाची अखंड नोंद, आणि तिच्या जोडीला ट्रिगरने सुटणारी जलद नोंद. पहिलीमुळे दुसरी कधी सुटायला हवी होती आणि सुटली नाही, तेही कळते.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत तर सगळे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या तेथील महाकाय त्वरकात कणांचे पुंजके सेकंदाला जवळजवळ ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात. ॲटलास या शोधकयंत्रातील पहिल्या टप्प्याचा ट्रिगर त्यांतील सुमारे एक लाख निवडतो, तेही अडीच मायक्रोसेकंदांच्या मुदतीत, आणि पुढच्या टप्प्यावर त्यांतून सेकंदाला एक ते तीन हजार घटना कायम साठवणुकीला जातात. उरलेले सर्व कायमचे जाते. तेथील शास्त्रज्ञ काही घटना मुद्दाम कोणतीही विशेष अट न लावता राखून ठेवतात, ही गोष्ट मला त्या सगळ्या अवाढव्य आकड्यांपेक्षा अधिक शिकण्यासारखी वाटते. आपला ट्रिगर काय फेकून देत आहे हे तपासण्याचा त्यांना दुसरा मार्ग नाही.

घड्याळाचा विषय थोडक्यात आटोपतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी उत्तर अमेरिकेत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा हजारो नोंदी उपलब्ध होत्या. परंतु अनेक नोंद-यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नव्हती, आणि कोणता बिघाड आधी व कोणता नंतर हे लावण्यात तपास पथकाचा पुष्कळ वेळ गेला. त्या पथकाच्या अहवालाने वेळ जुळवलेल्या नोंदकांची शिफारस केली. एकाच यंत्रावर दोन वेगळ्या प्रणाली असल्या तरी हाच प्रसंग ओढवतो, फक्त तो वर्तमानपत्रात येत नाही.

शेवटी, ज्या चुकीने मला सर्वांत जास्त वेळा गाठले, तिच्याविषयी. नव्या यंत्रासाठी सेटिंगची फाइल नव्याने कोणी लिहीत नाही. जुन्या यंत्राची उचलून आणतात. ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह देणारा दाबाचा सेन्सर जुन्या यंत्रावर २५० बारचा होता आणि नव्यावर ४०० बारचा बसवला, पण प्रवाहावरून दाब काढण्याचे सॉफ्टवेअरमधील प्रमाण तेच राहिले, तर १२ मिलिअँपिअरला पडद्यावर १२५ बार दिसतात आणि प्रत्यक्षात २०० असतात. १८० वर लावलेला ट्रिगर तेव्हा खऱ्या २८८ बारवर सुटतो. आलेखाचा आकार अगदी बरोबर असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. गंमत अशी, की हे मोजमाप शून्याऐवजी चारपासून सुरू करण्याची प्रथा चुका पकडण्यासाठीही आहे : तार तुटली की प्रवाह शून्य होतो आणि पडद्यावर वजा साडेबासष्ट बार असा अशक्य दाब दिसतो. पण पुष्कळ ठिकाणी उणे आकडे विचित्र दिसतात म्हणून ते शून्यावर छाटण्याचे सेटिंग आवर्जून चालू केलेले असते, आणि तुटलेली तार ‘दाब नाही’ या सभ्य नोंदीच्या आड लपते.

यावर आमच्या गटाने लावून घेतलेली शिस्त साधी आहे. प्रत्येक नोंदीच्या फाइलीतच चॅनलांची नावे, एकके, प्रमाण, वेग, गाळणी, ट्रिगरची पूर्ण अट, आधीचा व नंतरचा कालावधी, गळालेल्या वाचनांची संख्या आणि सेटिंग करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. आणि प्रणाली सुपूर्द करण्यापूर्वी आम्ही एक घटना मुद्दाम घडवतो : कंपनाच्या सेन्सरवर नखाने टिचकी मारतो, दाबाची तार उपटतो, पुरवठा क्षणभर तोडतो, आणि तयार झालेली फाइल सर्वांसमोर उघडून टिचकीच्या आधीचा काळ तीत आहे की नाही ते पाहतो. या दहा मिनिटांच्या खेळात निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही चुकलेले सापडते, हे मी खजील होऊन सांगतो.

माझी विनंती आपल्याला आणि आपल्या वार्ताहरांना आहे. ‘नोंदींत काहीही आढळले नाही’ असे कोणी सांगितले, तर ती नोंद सेकंदाला किती वाचनांची होती, ती कोणत्या अटीवर सुरू होत होती, घटनेच्या आधीचा किती काळ तीत आहे आणि ही अट शेवटची कधी तपासून पाहिली होती, एवढे त्यांना विचारावे व मिळालेले उत्तर बातमीत छापावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे. त्यासाठी वार्ताहराने अभियंता असण्याची गरज नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या तंत्रज्ञाने विचारला तो प्रश्न पुरेसा आहे.

आपला नम्र,
यंत्रमापनाच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक